केशरी यंत्राची राहिलेली पूजा

अहो, काल सकाळी पडदा सारला तर आपला ड्राइव्हवे नाहीसा झाला होता. मेलबॉक्सचं डोकं तेवढं वर होतं. रस्ता साफ करणारा ट्रक येऊन गेला होता आणि जाताना नेहमीसारखा आपल्या दाराशी बर्फाचा बांध घालून ठेवला होता. ट्रॉयमध्ये इतके हिवाळे काढले, हा बांध मी खिडकीतून कितीदा पाहिला असेल, पण त्याचं काय करायचं हे मला ठरवावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही होतात ना. टोपी कानांवर ओढून, अर्धा चहा तसाच टाकून गॅरेजकडे पळत सुटायचात. मी मागून ओरडायचे, "अहो, चहा तरी संपवा!" तुम्हाला कुठलं ऐकू यायला.

तुम्ही गेल्यावर इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. कोणी म्हणालं, मोहनकाका म्हणजे शिस्त. कोणी म्हणालं, मोहनकाका मितभाषी. मितभाषी! स्नो ब्लोअरचा, त्या बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की समोरच्याचं जेवण गार होईपर्यंत तुम्ही थांबत नसायचात, ते ही मंडळी कशी विसरली कोण जाणे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि हे नक्की कोणत्या गृहस्थांबद्दल बोलताहेत असा मला प्रश्न पडला होता. मग मला बोलायला सांगितलं. उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या निशाने दंडाला धरून खाली बसवलं. तेव्हा राहिलेलं आता इथे लिहिते आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाशी भांडायची मला सवय नाही.

हे सगळं सुरू झालं मृणालच्या जन्माच्या वेळेस. इथला आपला पहिलाच हिवाळा, भाड्याची दोन खोल्यांची जागा, आणि बाहेर तुफान. माझ्या पोटात कळा सुरू झाल्या आणि फोनवरची बाई सांगत होती की रस्ते बंद आहेत, धीर धरा. तुम्ही सोलापूरचे. बर्फ पाहिला होता तो सरबताच्या ग्लासात. घरात फावडं नव्हतं, ते लागतं हेही माहीत नव्हतं. तुम्ही केर भरायची सुपली घेऊन गाडी उकरायला गेलात. मी खिडकीत उभी राहून कण्हत होते आणि कण्हता कण्हता हसत होते, कारण तुम्ही एक सुपली बर्फ काढायचात आणि वारा दोन सुपल्या आणून टाकायचा.

तेवढ्यात तो ट्रक आला. पुढे भलंमोठं पातं, बाजूला आणखी एक पंख, वर फिरणारा पिवळा दिवा. ड्रायव्हर खाली उतरला, तुमच्या हातातली सुपली पाहिली, मग खिडकीतली मी पाहिली, आणि एवढंच म्हणाला की माझ्या मागे राहा. पातं पुढे घालून त्याने आधी आपली गाडी मोकळी केली आणि मग हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो पुढे, आपण मागे. त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही. मुलगी झाली हे सांगायला नर्स बाहेर आली तेव्हा तुम्ही काचेला नाक लावून पार्किंगमध्ये तेच यंत्र शोधत होतात, हे तिनेच मला सांगितलं. त्या दिवशी मी मृणालच्या प्रेमात पडले आणि तुम्ही बर्फ काढणाऱ्या यंत्रांच्या. लेकीचा नंबर दुसरा लागला म्हणून मी तुम्हाला जन्मभर चिडवलं. तुम्ही कधी नाकारलं नाहीत, नुसते हसायचात.

मग ते केशरी धूड, तुमचं स्नो ब्लोअर, घरी आलं. शेतावरच्या कुठल्या कोठारात पडलेलं, वयाने आपल्या लग्नापेक्षा मोठं, इंजिनाच्या झाकणाखाली उंदरांनी घर केलेलं. दोघांनी ढकललं तरी हलेना. पुढचं वर्षभर आपल्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. कार्ब्युरेटरशेजारी आमटीचं पातेलं आणि लोणच्याच्या बरणीशेजारी नटबोल्ट. तुम्ही मला बोलावून बोलावून दाखवायचात. "हात लावून बघ. पत्रा बघ कसला जाड आहे. आता असं कोणी बनवत नाही." मी म्हणायचे, "आता अशी बायकोही कोणी बनवत नाही. जरा इकडेही बघा."

तुमचं आयुष्य कंपनीत गाड्यांचे भाग हलके करण्यात गेलं. दर वर्षी आणखी हलका, आणखी पातळ, आणखी स्वस्त. म्हणून असेल, घरी आल्यावर तुम्हाला काहीतरी जड लागायचं. माणसाने एकदा नीट बनवलं आणि मग त्याच्या नातवाने वापरलं, असं काहीतरी. हे तुम्ही कधी बोलला नाहीत. माझं मीच जुळवलं आहे आणि खरं की खोटं हे आता कोणाला विचारणार?

लग्नाच्या वाढदिवसाला लोक नायगाराला जातात. तुम्ही मला उत्तरेला रेल्वेच्या एका म्युझियममध्ये नेलंत, जुना बर्फकापू डबा दाखवायला. इंजिनाच्या पुढे लावायचा, तोंडाला माणसाहून उंच चक्र. मी नवी साडी नेसून, वरून कोट घालून, त्या चक्रासमोर उभी. तुम्ही एका पात्यावर तळवा ठेवून किती वेळ तसेच उभे होतात. मग म्हणालात, "याच्यापुढे डोंगराएवढा बर्फ असायचा गं. आणि आत चार माणसं बसून पुढे जायची." मी तेव्हा चेष्टा केली. आज त्या फोटोत मी साडीकडे बघत नाही, तुमच्या हाताकडे बघते.

आणि ती उन्हाळ्यातली प्रदर्शनं! डोक्यावर रणरणतं ऊन, सगळे हाफ पँटीत, आणि मैदानात रांगेने मांडलेली बर्फ काढायची यंत्रं. कोणी चेन लावलेलं, कोणी पाळण्यातल्या बाळासारखं पुसून ठेवलेलं. मी लिंबूसरबताचा थर्मास घेऊन झाडाखाली बसायचे. तिथेच तुम्हाला डेल भेटला. उत्तरेकडचा शेतकरी, तुमच्याच वयाचा, बोलायला तुमच्याहून कमी. तुम्ही दोघं एखाद्या इंजिनावर वाकून तासन्तास उभे राहायचात आणि दोघांची मिळून दहा वाक्यं व्हायची नाहीत. मी डेलच्या बायकोला विचारलं होतं, हे बोलतात तरी काय? ती म्हणाली, काही नाही, एकमेकांना दाखवतात.

दसऱ्याला मात्र तुमचा थाट असायचा. मामंजी सोलापूरला गिरणीत जॉबर होते, माग कामगारांचे मुकादम. दसऱ्याला गिरणीत मागांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, पेढे, आणि त्या एका दिवशी पोराबाळांना आत जायला मिळायचं. ते तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून गॅरेजच्या भिंतीशी तुम्ही झेंडू लावायचात आणि सप्टेंबरात गारठा पडू लागला की संध्याकाळी माझ्या जुन्या चादरी त्या रोपांवर घालायचात. दसऱ्याच्या सकाळी केशरी यंत्र पुसून, ताजं पेट्रोल, ताजं तेल, हळदकुंकू, केशरीवर केशरी माळ. मग माळ काढून दोरी ओढायची आणि ते एकदा सुरू करून बघायचं. पूजेआधी यंत्र चालवायचं नाही हा तुमचा नियम. एका वर्षी दसऱ्याच्या आधीच बर्फ पडला तर तुम्ही फावड्याने काढलात, पण नियम मोडला नाही. आख्खी गल्ली बघायला यायची. पलीकडच्या घरची, नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेली निशा पेढे घेऊन यायची. "काका, आमच्या टेस्लाची पण पूजा करून द्या ना यार," म्हणायची, आणि मग जीभ चावायची, काकांना यार म्हटलं म्हणून.

भांडण आपलं एकच होतं, पण ते चिवट होतं. मृणाल नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला स्थायिक झाली, नातवंडं झाली, तिने खालची खोली आपल्यासाठी ठेवली. तिथे हिवाळा म्हणजे स्वेटर. आणि मग मी त्या वर्षी मेलबॉक्सपाशी घसरले आणि मनगट मोडलं. थंडी पडली की ते अजून ठणकतं. त्यानंतर माझी भुणभुण वाढली, कबूल. तुमचं उत्तर ठरलेलं, "या वर्षीचा बर्फ होऊ दे." दर वर्षी बर्फ व्हायचा, वितळायचा, आणि विषयही वितळायचा. कॅरीला त्या यंत्राचं करायचं काय, हा तुमचा प्रश्न होता. माझं काय करायचं, हा माझा. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्यात आणि त्या लोखंडात निवडायची वेळ आली तर तुम्ही खाली मान घालून गॅरेजमध्ये जाल.

त्या सकाळी मी तेच बोलले. पोहे ढवळत होते. म्हटलं, "एकदाच सांगा, तुम्हाला मी हवी की ते धूड?" तुम्ही वर्तमानपत्राआडून म्हणालात, "दसरा होऊ दे. मग सांगतो." मी म्हटलं, झालं, आता दसरा. नवीन बहाणा. आणि बशी जरा आपटूनच ठेवली. दुपारी तुम्ही झेंडूला पाणी घालताना खाली बसलात आणि तिथून उठला नाहीत.

हॉस्पिटलमध्ये तुमची वाचा गेली होती. डोळे मात्र उघडे. मी, मृणाल, डॉक्टर, सगळे तुमच्याशी बोलत होतो आणि तुम्ही आमच्याकडे असे बघत होतात की आम्हीच काही ऐकत नाही. डाव्या हाताचं बोट तुम्ही माझ्या मनगटावर ठेवून दाबत होतात. मला वाटलं, किती वाजले विचारताय. मी घड्याळ दाखवलं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. पुन्हा उघडलेत, पुन्हा तेच. मी पुन्हा घड्याळ दाखवलं. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार, आणि मला एवढंही कळलं नाही. मला किती असहाय वाटलं हे तुम्हाला सांगता येत नाही, कारण तुम्ही तर माझ्याहून असहाय होतात.

दसरा आला तेव्हा तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. झेंडू रोपांवरच होते. चादरी घालायचं कोणाला सुचलं नाही आणि एका पहाटे सगळे काळे पडले. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, म्हणून पूजेचा प्रश्नच नव्हता. तरी मी त्या सकाळी गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. कोरडं यंत्र, कोरडी टाकी. हात लावून बघितलं. पत्रा खरंच जाड आहे हो.

मृणाल पंधरवडाभर राहिली. जाताना म्हणाली, "आई, प्लीज, बी प्रॅक्टिकल. तू एकटी इथे विंटर काढणार आहेस का? घर सेलला लिस्ट करू या." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "यू सेड फॉर इयर्स की तुला यायचंय!" खरं होतं. मी तिच्या बॅगेची चेन लावून दिली.

म्हणून काल त्या खिडकीत उभी राहून मी नुसती बघत होते. निशाचा फोन आला, "काकू, टेन्शन नका घेऊ, मी स्नो रिमूव्हलवाल्याला बुक करते, पण आज सगळे फुल आहेत, वेट करावं लागेल." मी म्हटलं, मला कुठे जायचंय. तेवढ्यात रस्त्यावर एक पिकअप थांबला, मागे सामान वाहायची रिकामी ट्रॉली जोडलेली. डेल उतरला. त्या बांधावरून, गुडघाभर बर्फातून चालत दाराशी आला आणि टोपी काढून उभा राहिला.

त्याला बातमी उशिरा कळली होती. मी आल्याचा चहा केला. त्याला आपल्याकडचा चहा आवडतो हे तुम्हीच सांगितलं होतंत. कप हातात धरून तो खिडकीतून गॅरेजकडे बघत बसला. मग म्हणाला, "मॅम, मी न्यायला आलोय, पण तुम्ही नको म्हणालात तर तसाच जाईन."

मी विचारलं, "काय न्यायला?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. त्याचा चेहरा लाल झाला. अडखळत म्हणाला, "उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात मोहनने मला बाजूला घेतलं होतं. म्हणाला, माझं मशीन तू ने, दुसऱ्या कोणाकडे मी देणार नाही. आम्ही नॉर्थ कॅरोलायनाला राहायला जातोय, बायकोने खूप हिवाळे सोसले. फक्त ऑक्टोबरात आमची एक पूजा असते, ती शेवटची करू दे. पूजा झाली की तिला सांगेन आणि मग तुला फोन करीन." कप खाली ठेवून म्हणाला, "तो फोन आलाच नाही."

मी उठून गॅसपाशी गेले. चालू करायचा होता की बंद करायचा, आठवेना. ते मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून उभी राहिले; तुम्ही किती वाजले विचारत नव्हतात.

डेलने मागून हळूच विचारलं, "ती पूजा झाली का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात या वर्षी करता येत नाही."

तो मान हलवत राहिला. "मग मी कसं नेऊ? त्याने आधी पूजा म्हटलं होतं." एवढं बोलून तो उठला आणि तुमच्या गॅरेजमध्ये कुठे काय आहे हे ठाऊक असल्यासारखा आत गेला. त्याच्या गाडीतून पेट्रोल आणलं. तेल बघितलं. दोरीला हात घालताना माझ्याकडे वळून बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. तुमचा नियम मला आठवत होता, तरी मी मान डोलावली. अहो, बर्फ पडला होता. मी दुसरं काय करणार होते?

तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं. सगळं गॅरेज हादरलं. मी तुमचा कोट अंगावर घेऊन दारात उभी होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कानांवर हात ठेवले नाहीत. डेलने तो बांध फोडला. बर्फाची कमान उंच उडून पलीकडे पडत होती आणि उन्हात चमकत होती. तुम्ही मला जे एवढी वर्षं दाखवायला बघत होतात ते मला काल दिसलं. फार सुंदर दिसतं ते. निशा तिच्या दारात येऊन उभी राहिली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

डेलने यंत्र परत जागेवर लावलं, फडक्याने पुसलं. जाताना विचारलं, पुढच्या वर्षीच्या पूजेनंतर येऊ का? मला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. तो रिकामी ट्रॉली घेऊन गेला.

मृणालला फोन केला. ती आधी म्हणाली, परत सांग. मग रडत म्हणाली, "बाबा सेड येस? रिअली?" आणि थोड्या वेळाने, "मग तर झालंच ना, आई. बाबांनाही तेच हवं होतं. आता तरी ये." तिचं बरोबर आहे. इतकी वर्षं मी मागत होते ते मला मिळालं आहे. पण आता मला तिचं घर नको झालं आहे, हे घरही नको झालं आहे, आणि तरी इथल्या कपाटातला एक कपसुद्धा मला हलवता येत नाही.

तुमचा राग येतो. असं मनात ठरवून, मला न सांगता, माझ्या पोह्यांसमोर वर्तमानपत्र धरून बसायचं? मला बशी आपटू द्यायची? आणि मग लगेच वाटतं, तुम्ही त्या यंत्रावरून एक एक बोट कसं सोडवलं असेल. त्या मैदानात, भर उन्हात, डेलला बाजूला घेताना तुमचा आवाज कसा झाला असेल. मी तेव्हा झाडाखाली बसून सरबत पीत होते. तिथून तुमची पाठ मला दिसत असणार.

एकदा मला विचारायचं तरी होतंत. मी आधी खूश झाले असते, खोटं कशाला सांगू. मृणालला फोन केला असता, कपड्यांची कपाटं उपसायला घेतली असती. आणि मग केव्हातरी तुम्हाला गॅरेजमध्ये हात मागे बांधून उभं राहिलेलं पाहिलं असतं, आणि माझ्याच्याने ते बघवलं नसतं. मी जायला नाही म्हणाले असते हो. नक्की नाही म्हणाले असते.